दूध तोड, असं सांगण्याआधी

दहा महिन्यांचं मूल अंगावर पीत असताना बाईला पुन्हा दिवस गेले, की घरात पहिलं वाक्य येतं, ‘आता याचं दूध तोड.’ सासू सांगते, आई सांगते, शेजारच्या काकू सांगतात, आणि पुष्कळदा दवाखान्यातही तेच ऐकायला मिळतं. कारणं प्रत्येकाची वेगळी असतात. दूध बाधेल. पोटातल्या बाळाचं सत्त्व हे ओढून घेईल. पिशवी आकसेल आणि गर्भ राहणार नाही. सल्ला मात्र एकच, आणि तो आजच्या आज पाळायचा. मग कडुलिंबाचा पाला वाटून स्तनांना लावतात, मुलाला चार दिवस आजोळी धाडतात, आणि बाई ठणकणारी छाती घेऊन रात्र काढते.

या सल्ल्याबद्दल मला लिहावंसं वाटतं, कारण तो देणाऱ्याला काहीच खर्च पडत नाही. बाईला सकस खायला द्या म्हटलं तर घराला पैसे मोजावे लागतात. तिला दुपारी तासभर आडवं होऊ द्या म्हटलं तर तिची कामं दुसऱ्या कुणाला तरी करावी लागतात. दोन मुलांत अंतर ठेवा म्हटलं तर नवऱ्याला स्वतःचा विचार बदलावा लागतो. ‘दूध तोड’ म्हटलं की सगळा भार एका तान्ह्यावर आणि त्याच्या आईवर येतो, बाकी कुणाचंच काही अडत नाही. काही बायकांच्या बाबतीत हा सल्ला योग्य असतो, तो कुठे योग्य हे पुढे येईलच. पण सरसकट, चौकशी न करता आणि घाईने दिलेला हा हुकूम मला चुकीचा वाटतो. त्याच्या आड जे प्रश्न विचारायला हवेत ते विचारलेच जात नाहीत.

समजूत जुनी आहे आणि तिला ग्रंथाचा आधारही आहे. माधवनिदानात बालरोगांमध्ये पारिगर्भिक नावाचा आजार सांगितला आहे. गरोदर आईचं दूध पिणाऱ्या मुलाला खोकला होतो, भूक मंदावते, ओकाऱ्या होतात, सुस्ती येते, ते रोडावतं आणि पोट मात्र वाढतं. ज्याने हे लिहिलं त्याने मूल बारकाईने पाहिलं होतं, याबद्दल मला शंका नाही. हातापायांच्या काड्या झालेलं आणि पोट पुढे आलेलं असं मूल मेळघाटात, मोखाड्यात, धडगावात आजही भेटतं. या आजारावरचा उपाय मुलाचा अग्नी प्रदीप्त करायला सांगतो, म्हणजे मुलाच्या भुकेकडे आणि पचनाकडे पाहतो. घरोघरी उरला तो मात्र निम्माच विचार: गरोदर बाईचं दूध वाईट.

आता दुसरं निदान पाहा. जमैकात जन्मलेल्या आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या डॉक्टर सिसिली विल्यम्स १९२९ मध्ये ब्रिटिश वसाहतींच्या आरोग्यसेवेतून गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानात गेल्या. तिथे त्यांना एक ते चार वर्षांची मुलं दिसू लागली. पाय सुजलेले, कातडीवर काळे चट्टे पडून ती सोलून निघालेली, मूल चिडचिडं, आणि त्यातली बरीचशी मरून जात. तिथल्या बायका या आजाराला क्वाशिओरकोर म्हणत आणि पाठचं भावंड येऊ घातलं की आधीच्याला तो होतो, असं सांगत. विल्यम्स यांनी बायकांचं म्हणणं उडवून लावलं नाही. १९३३ मध्ये त्यांनी या मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि १९३५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आजार त्याच्या स्थानिक नावानिशी जगापुढे ठेवला. त्यांना एक समान धागा सापडला. आई गरोदर किंवा वयस्क, अंगावरचं दूध अपुरं, आणि वरचं अन्न म्हणजे आंबवलेल्या मक्याचे पदार्थ, जवळजवळ तेवढेच. सूज नेमकी कशाने येते यावर पुढे अनेक वर्षं वाद झाले. तरी मूल आजारी पडतं ते त्याच्या ताटातून काहीतरी गेल्यामुळे आणि त्या जागी पुरेसं काही न आल्यामुळे, हा त्यांचा मूळ रोख टिकला.

मूल तेच, वाचन वेगळं. दूध विष झालं असेल तर ते बंद करणं हा इलाज ठरतो. दूध कमी पडलं असेल तर ते एका रात्रीत बंद करणं म्हणजे आजार हाताने आणणं. आपल्याकडे शेकडो वर्षं पहिलं वाचन चाललं. त्याचा अनुभव लोकांना खराही वाटत राहिला, कारण दूध तोडल्यावर पाण्यासारख्या पेजेवर वाढवलेलं मूल खंगलंच, आणि ते खंगलं की दोष आधी प्यायलेल्या ‘वाईट’ दुधाला गेला.

गरोदरपणात दूध बदलतं हे खरं आहे. साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत संप्रेरकांमुळे ते कमी होतं. त्यातली साखर उतरते, सोडियम वाढतं, म्हणून चव किंचित खारट होते. पुढे त्याचा चीक बनू लागतो. बरीच मुलं या काळात आपणहून स्तन सोडतात. जी सोडत नाहीत त्यांना या दुधाने विषबाधा वगैरे होत नाही, फार तर शी थोडी पातळ होते. थोरल्याने पिऊन चीक संपेल आणि नवजात बाळाला उरणार नाही, ही भीतीही निराधार आहे. चीक शरीर बाळंतपणाच्या सुमारास तयार करत राहतं, फक्त बाळंतपणानंतर आधी धाकट्याला पाजायचं, एवढं पाळायला हवं. खरी काळजी आहे ती थोरलं अजून वर्षाच्या आत असेल तेव्हाची. दूध घटतंय आणि वरचं खाणं अजून धड सुरू नाही, अशा मुलाचं दर महिन्याला वजन करायला हवं, त्याच्या वाटीत वरण, अंडं, तेल-तूप, दाण्याचं कूट यायला हवं, आणि सहा महिन्यांच्या आतलं असेल तर डॉक्टरांशी बोलून वरच्या दुधाची सोय लागते. ‘दूध तोड’ म्हणणाऱ्यांपैकी किती जण त्या मुलाच्या वाटीत डोकावतात?

गर्भपाताची भीती अधिक गंभीर आहे, म्हणून तिच्याकडे नीट पाहू. मूल ओढतं तेव्हा आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं, आणि बाळंतकळा आणणारं संप्रेरक तेच. तेव्हा भीती अडाणीपणाची नाही. पण गर्भाशय या संप्रेरकाला प्रतिसाद देतं ते त्याच्या भिंतीतल्या ग्राहींच्या मार्फत. गरोदरपणाचा बराच काळ हे ग्राही थोडे असतात आणि दिवस भरत आल्यावर त्यांची संख्या झपाट्याने वाढते. पूर्ण दिवस भरलेल्या बायकांना कळा याव्यात म्हणून स्तनाग्रं मुद्दाम चोळण्याचे जे प्रयोग झाले त्यांच्या आढाव्यातसुद्धा असं दिसलं, की गर्भाशयाचं तोंड तयार नसेल तर या उपायाने काही घडत नाही. जपान, इराण आणि तुर्कस्तानात गरोदरपणी पाजणाऱ्या बायकांचे अभ्यास झाले, आणि त्यांत गर्भपात किंवा अकाली बाळंतपण वाढल्याचं आढळलं नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या पाहणीवर आधारलेल्या एका अभ्यासात वेगळं चित्र आलं. ज्यांचं आधीचं बाळ अजून निव्वळ अंगावरच्या दुधावर होतं त्यांच्यात गर्भपाताचं प्रमाण जास्त दिसलं. ज्यांची मुलं दुधाबरोबर इतरही खात होती त्यांच्यात तसं दिसलं नाही. म्हणजे अगदी लहान बाळ असताना लगेच दिवस गेले तर सावध राहायला जागा आहे. आधी अकाली बाळंतपण झालं असेल, रक्तस्राव होत असेल, जुळी असतील, गर्भाशयाचं तोंड सैल असेल, पोटातलं बाळ नीट वाढत नसेल, तर डॉक्टर थांबवायला सांगतात आणि ते ऐकावं. बाकीच्या निरोगी बाईला तोच हुकूम का?

मला यात एक व्यवस्थेचा दोष दिसतो. स्त्रीरोगतज्ज्ञाच्या फायलीत पोटातलं बाळ असतं. अंगावरचं मूल बालरोगतज्ज्ञाच्या फायलीत असतं, आणि दोन फायली एकमेकींना भेटत नाहीत. जिथे धोका जवळजवळ नाही तिथेही ‘कशाला विषाची परीक्षा’ म्हणून थांबवायला सांगणं पहिल्या डॉक्टरला सुरक्षित वाटतं. पण अकरा महिन्यांच्या मुलाचं दूध अचानक तुटल्यावर त्याला जे जुलाब लागतात, वजन जे उतरतं, त्याची नोंद या फायलीत कधीच होत नाही. सावधगिरीची किंमत असते, ती दुसऱ्या कागदावर चढते एवढंच.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग बिनधास्त पाजत राहावं. तसं मी म्हणत नाही, आणि त्याचं कारण ग्वाटेमालातून येतं. १९६९ ते १९७७ या काळात तिथल्या चार खेड्यांत पूरक आहाराचा मोठा अभ्यास झाला. त्याच्या आकडेवारीवरून कॅथलीन मर्चंट, रेनाल्डो मार्टोरेल आणि जेरे हास यांनी १९९० मध्ये जे मांडलं ते प्रत्येक आरोग्यसेविकेला माहीत असायला हवं. त्या खेड्यांत निम्म्याच्या आसपास गरोदरपणं अंगावर पाजत असताना सुरू झालेली होती. पोटातल्या बाळाच्या वाढीवर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. अशा बायकांनी पूरक आहारही जास्त घेतला. तरी त्यांच्या अंगातली चरबी उतरली. गर्भाने आपला वाटा घेतला, अंगावरच्याने आपला घेतला, आणि तूट आईच्या शरीरातून भरली गेली. पेरूमध्ये लिमा शहराच्या गरीब वस्तीत ग्रेस मार्क्विस यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये आला. शेवटच्या तिमाहीतही थोरल्याला पाजत राहिलेल्या बायकांच्या नवजात बाळांचं वजन पहिल्या महिन्यात सुमारे १२५ ग्रॅमने कमी वाढलं. आकडा मोठा नाही, पण गरीब घरातल्या अडीच किलोच्या बाळाला तो सोसवत नाही.

अमेरिका-युरोपातल्या पाजणाऱ्या आयांच्या चळवळी गरोदरपणात आणि पुढे दोघांनाही पाजण्याचा हिरिरीने पुरस्कार करतात. त्यांच्यामुळे अनेक बायकांची नाहक भीती गेली, हे मोठंच काम आहे. पण त्यांचा हिशेब पोटभर जेवणाऱ्या बाईचा आहे. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, गरोदर स्त्रियांत ५२ टक्क्यांना. अशा बाईला ‘तू दोघांनाही पाजू शकतेस’ असं सांगून मोकळं होणं हे ‘तोड’ सांगण्याइतकंच स्वस्त आहे. तिच्या ताटात काय आहे हा प्रश्न दोन्हींत राहून जातो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात गरोदर बाईला रोज ३५० किलोकॅलरी वाढीव सांगितल्या आहेत. पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने ६०० आणि पुढचे सहा महिने ५२०. दोन्ही एकाच वेळी करणाऱ्या बाईसाठी तक्त्यात ओळ नाही. ती एकतर गरोदर असते, नाहीतर स्तनदा. नुसती बेरीज केली तरी तिला रोज एक चांगलं जेवण जास्तीचं लागतं. महाराष्ट्रात आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण मिळतं. योजना मोलाची आहे. पण जेवण अंगणवाडीत मिळालं म्हणून घरातलं तिचं ताट हलकं होऊ नये, हे पाहायला घरात कुणी नसतं. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९० च्या दशकात झालेल्या मातापोषण अभ्यासात असं दिसलं, की ज्या गरोदर बायका दूध, पालेभाज्या, फळं अधिक वेळा खात त्यांची बाळं आकाराने मोठी होती. मेथीची जुडी आणि वाटीभर दूध! पोटातल्या बाळासाठी आपण बाईचं पाजणं तोडायला निघतो, जुडी आणायला मात्र निघत नाही.

पुन्हा गरोदर राहू पाहणाऱ्या किंवा न पाहता राहिलेल्या बाईची गोष्ट थोडी वेगळी आहे. ‘अंगावर पाजतेय तोवर काही होत नाही’ हे आपल्याकडे सर्रास ऐकायला मिळतं, आणि त्यात अर्धं सत्य आहे. १९८८ मध्ये इटलीतल्या बेलाजिओ इथे जमलेल्या शास्त्रज्ञांनी ते काटेकोरपणे मांडलं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, दिवसा-रात्री जवळजवळ निव्वळ अंगावर पिणारं, आणि आईची पाळी सुरू न झालेली, अशा तिन्ही गोष्टी असतील तर दिवस न जाण्याची खात्री ९८ टक्के असते. यातली एक गळाली की भरवसा संपला. बाळाच्या ओढण्याने प्रोलॅक्टिन वाढतं आणि बीज पिकवणारे मेंदूचे इशारे मंद राहतात. ते मंद ठेवायचे तर पाजणं वारंवार लागतं. कालाहारीतल्या कुंग जमातीच्या बायकांचा मेल्विन कॉनर आणि कॅरोल वर्थमन यांनी अभ्यास केला. १९८० मध्ये त्यांनी दाखवलं, की या आया मुलाला तासाभरात अनेकदा दोन-दोन मिनिटं पाजतात, आणि त्यांच्या दोन बाळंतपणांत पावणेचार वर्षांच्या आसपास अंतर पडतं. आपली नोकरदार आई २६ आठवड्यांची रजा संपवून कामावर जाते, दिवसा बाळ पाळणाघरात असतं, रात्री सलग झोपू लागतं. तिचं शरीर तिला न कळवता पुन्हा तयार होतं. पहिली पाळी येण्याआधीच बीज सुटू शकतं, म्हणून कित्येक जणी विचारतात, ‘पाळीच आली नव्हती, मग दिवस कसे राहिले?’ बाळंतपणानंतर दूध कमी न करणारी तांबी किंवा इंजेक्शन यांबद्दल तिला सातव्या महिन्याच्या आत कुणी सांगितलं असतं, तर पुढचा सगळा पेचच टळला असता. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी निदान २४ महिने जाऊ द्या म्हणते, आणि दोन वर्षं वा पुढेही पाजा म्हणते. दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत.

दुसऱ्या टोकाला पस्तिशी ओलांडलेली, पहिलं मूल उशिरा झालेली शहरी बाई आहे. तिला दुसरं हवंय, थोरली दीड वर्षाची आणि अजून रात्री पिते. तिला पहिल्याच भेटीत ‘आधी दूध बंद करा, मग या’ म्हणतात. तिची पाळी नियमित असेल आणि बीज सुटत असेल, तर पाजणं आड येतंच असं नाही. पाळी आलीच नसेल तर रात्रीचं पाजणं कमी करून, मधली अंतरं वाढवूनही पुष्कळदा चक्र सुरू होतं. बीजवाढीची औषधं घ्यायची असतील तर त्यातली काही पाजताना चालत नाहीत, तिथे थांबावं लागतं. आणि अडतिसाव्या वर्षी सहा महिने हा मोठा काळ असतो. तिने हिशेब करून थोरलीचं दूध सोडवायचं ठरवलं तर त्यात अपराध काहीच नाही. फक्त हिशेब तिच्यासमोर मांडायला हवा, आणि करायला तिलाच द्यायला हवा.

या विषयातली सगळ्यात क्लेशकारक गोष्ट यापुढची आहे. सीमा जयचंद्रन आणि इलियाना कुझिएम्को या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आकड्यांवरून भारतातल्या मुलींच्या अंगावर पिण्याचा काळ तपासला. मुलींना मुलांपेक्षा कमी काळ पाजलं जातं, आणि ज्यांना थोरला भाऊ नाही अशा मुलींना आणखी कमी. त्यांनी दिलेलं कारण असं, की घराला मुलगा हवा असतो म्हणून पुढच्या खेपेची घाई असते. पाजणं थांबलं की दिवस लवकर जातात, आणि दिवस गेले की आहे ते दूधही तुटतं. स्वच्छ पाणी नाही, वरचं अन्न नीट नाही, अशा घरांत या तुटलेल्या दुधाची किंमत मुलींच्या जिवाने मोजली जाते, असंही त्यांच्या मांडणीतून दिसतं. मुलीचा राग कुणी करत असेलच असं नाही. आई तिला जीव लावत असेल. तरी घरातल्या कुणाच्या मनात पुढचा मुलगा बसलेला असतो आणि त्याच्यासाठी या मुलीचं दूध आटतं. २०११ मध्येच सातारा जिल्ह्यात नकुशी नावाच्या २८५ मुलींची नावं जाहीर समारंभात बदलली गेली. नावं बदलली हे चांगलंच झालं. पण त्यांच्यातल्या किती जणींचं अंगावरचं पिणं पाठच्या भावाच्या आशेने लवकर तुटलं असेल, ते कुठल्याच रजिस्टरात नाही. ‘दूध तोड’ हे वाक्य मुलीबाबत किती लवकर आणि मुलाबाबत किती उशिरा उच्चारलं जातं, हे आपल्या घरांत ज्याने त्याने आठवून पाहावं.

आणि आई स्वतः? गरोदरपणात स्तनाग्रं इतकी दुखरी होतात की मुलाने तोंड लावलं तरी कळ मस्तकात जाते. काही बायकांना पाजताना विलक्षण चीड येते, मूल अंगाला नको वाटतं, आणि त्या चिडीची लाजही वाटते. मळमळ, रात्रीचं जागरण, कामाचा रगाडा आहेच. अशी बाई ‘मला आता नको वाटतंय’ म्हणाली तर तेवढं कारण पुरेसं आहे. पण तिला ते म्हणता येत नाही. तिला सासूच्या ‘बाधतं’चा किंवा डॉक्टरच्या चिठ्ठीचा आडोसा घ्यावा लागतो, कारण आपल्याकडे बाईच्या शरीराबद्दलचा निर्णय दुसऱ्या कुणाच्या तरी भल्यासाठी असला तरच मान्य होतो. सोडवायचं असेल तर एकेक वेळ कमी करत, महिनाभरात, मुलाला जवळ घेऊन, खाणं वाढवत सोडवता येतं. कडुलिंब लागत नाही. आणि तिला पाजत राहायचं असेल, तब्येत ठीक असेल, तर तिला रोज घरभर सफाई देत बसावं लागू नये.

गरोदर बाईचं नाव पहिल्यांदा नोंदवलं जातं तेव्हा वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, शेवटच्या पाळीची तारीख विचारतात. तिथेच आणखी तीन गोष्टी विचारल्या आणि माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिल्या जाव्यात, असं मला फार वाटतं. आधीचं मूल किती महिन्यांचं आहे, अजून अंगावर पितं का, आणि दिवसभरात काय खातं. त्या उत्तरांवरून त्या मुलाचं वजन दर महिन्याला व्हावं, आईला गरोदर आणि स्तनदा अशा दोन्ही नात्यांनी आहार आणि लोहाच्या गोळ्या मिळाव्यात, आणि बोलताना नवऱ्याला समोर बसवावं. आशाताईच्या यादीत वर्षाच्या आतलं मूल असलेलं घर आधी यावं. आणि ते मूल मुलगी असेल, तिला थोरला भाऊ नसेल, तर त्या घरी आशाताईने त्याच आठवड्यात जावं.